व्हिसाच्या अर्जापासून फुलांच्या टोस्टपर्यंत: आईबरोबर टोकियोत एक ब्रंच

माझी आई ७१ वर्षांची आहे. मांस-मासे नाहीत, अंडं नाही, केकसुद्धा एगलेस असेल तरच. सकाळी उठल्यावर चहा लागतो आणि तो दुधाचाच. तिला घेऊन टोकियोला जायचं म्हटल्यावर ओळखीच्यांचे दोनच सल्ले आले: टूर कंपनीबरोबर जा, नाहीतर खाकऱ्यांची वेगळी बॅग ने. खाकरे नेले. टूर कंपनी नको होती, कारण तिथे सकाळी साडेसातला बसमध्ये चढावं लागतं आणि आईला एक तरी सकाळ घाईगडबडीशिवाय, छान ठिकाणी बसून घालवायची होती. तिला झाडांचं वेड. ठाण्याच्या आमच्या गॅलरीत कुंड्यांमुळे कपडे वाळत घालायलाही जागा उरलेली नाही. त्यामुळे जागा मी आधीच हेरून ठेवली: मिनामी-आओयामामधलं ‘आओयामा फ्लॉवर मार्केट टी हाउस’. हे मूळचं फुलांचं दुकान. पुढे फुलं विकतात आणि मागच्या बाजूला काचघरासारखं सजवलेलं कॅफे आहे.

एका ब्रंचसाठी एवढं लांबलचक काय लिहायचं, असं वाटेल. पण घरच्या शाकाहारी ज्येष्ठ माणसाला घेऊन स्वतःच्या जिवावर जायचं तर व्हिसापासून ताटापर्यंत ठिकठिकाणी अडायला होतं. ते क्रमाने सांगते.

कागदपत्रं

तिकिटं आम्ही मार्चमध्ये काढली. दिल्लीमार्गे हानेदा, म्हणजे टोकियोचा विमानतळ, १५ मे २०२५ ला निघायचं. एप्रिलअखेर ते मे महिन्याचा पहिला आठवडा जपानमध्ये ‘गोल्डन वीक’च्या सुट्ट्या असतात. सगळा देश फिरायला बाहेर पडलेला असतो आणि हॉटेलांचे दर चढलेले असतात. तो टाळला. जूनमध्ये तिकडचा पावसाळा सुरू होतो, तोही टाळायचा होता. त्यामुळे मेचा दुसरा पंधरवडा.

व्हिसाचा अर्ज मुंबईच्या व्हिसा केंद्रात ११ एप्रिलला दिला. अर्ज, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो, विमान आणि हॉटेलचं बुकिंग, बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, सोबत एक पत्र. आईच्या नावावर पेन्शनशिवाय काही नाही, म्हणून तिचा खर्च मी करणार असं स्वतंत्र पत्र आणि नातं दाखवणारा कागद जोडला. माझ्या पासपोर्टवर आईचं नाव आहेच, पण लग्नानंतर माझं आडनाव बदललं, म्हणून विवाह प्रमाणपत्राची प्रतही लावली. कुणी मागितली नव्हती. पण खिडकीपाशी उभं असताना शंका निघण्यापेक्षा एक कागद जास्त असलेला बरा.

सगळ्यात वेळखाऊ काम म्हणजे दिवसवार कार्यक्रम. कुठल्या तारखेला कुठे जाणार आणि कुठे राहणार, हे तक्त्यात भरून द्यावं लागतं. मी ‘२० मे, मंगळवार: आओयामा, ओमोतेसांदो, मेइजी जिंगू’ असं लिहिलं. ब्रंच लिहिलं नाही, पण खरं काम तेच होतं. तारीख आईने ठरवली. १६ तारखेला संकष्टी, २३ ला एकादशी. शनिवार-रविवारी तिथे गर्दी. राहता राहिला मंगळवार.

व्हिसाची फी भारतीयांना अगदी किरकोळ पडली, माणशी पाचशे रुपयांच्या आसपास. केंद्राचं सेवाशुल्क त्यावर वेगळं. पर्यटकांना आता पासपोर्टवर स्टिकर न लावता ई-व्हिसा मिळतो. आठवडाभरात ईमेल आला. त्या आठवड्यात मी दिवसातून किती वेळा मेल उघडून बघितला ते विचारू नका.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: हा ई-व्हिसा विमानतळावर फोनमध्ये इंटरनेट चालू ठेवून दाखवावा लागतो. स्क्रीनशॉट किंवा छापलेला कागद चालत नाही. म्हणजे फोन चार्ज हवा आणि नेट हवं, मुंबईतही आणि तिकडे उतरल्यावरही. आईचा व्हिसा तिच्या फोनवर दिसेल अशी सोय करून ठेवली, पण रांगेत माझ्या फोनवरूनच दोन्ही दाखवले. ‘व्हिजिट जपान वेब’ नावाच्या सरकारी संकेतस्थळावर इमिग्रेशन आणि कस्टम्स या दोन्हींची माहिती आधीच भरली की एक क्यूआर कोड मिळतो. सोबत येणाऱ्या घरच्या माणसाची माहिती आपल्याच खात्यात भरता येते. हे काम शांतपणे घरी बसून करा. विमानात चष्मा शोधत फॉर्म भरण्यापेक्षा फार बरं.

सामानाबद्दल: भाजलेलं, तळलेलं, कोरडं घेतलं. आईने ताजा कढीपत्ता रुमालात गुंडाळून ठेवला होता, तो निघताना काढायला लावला. ताजी फळं, भाज्या, पानं, बिया हे प्रमाणपत्राशिवाय जपानमध्ये नेता येत नाही.

उतरल्यावर

हानेदाला परदेशी माणसांच्या दोन्ही तर्जन्यांचे ठसे आणि फोटो घेतात. आयुष्यभर भांडी घासलेल्या बोटांचे ठसे सहजी उमटत नाहीत, हे आधार कार्डाच्या वेळी आम्ही भोगलं होतं. तिथल्या कर्मचाऱ्याने बोट कसं दाबायचं ते हाताने दाखवलं, पुन्हा करायला लावलं, आणि झालं. घाबरण्यासारखं काही नाही. हाताला लावायचं थोडं क्रीम पर्समध्ये असलं तर उपयोग होतो.

विमानतळावरच दोघींना ‘वेलकम सुइका’ कार्ड घेतलं. मेट्रो, बस, बऱ्याच दुकानांत चालतं, अनामत रक्कम नाही, २८ दिवसांची मुदत. उरलेले पैसे मात्र परत मिळत नाहीत, म्हणून थोडे-थोडे भरा.

संकष्टीचा उपास आईने तिथल्या केळ्यांवर आणि घरच्या राजगिऱ्याच्या लाडवांवर काढला. चंद्रोदय टोकियोत रात्री दहा वाजून गेल्यावर होता. पंचांगातली मुंबईची वेळ तिथे चालत नाही. जपानचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास आहे. याचा एक फायदा आहे. तिकडे सकाळचे साडेदहा म्हणजे आईच्या पोटाला सकाळचे सात. पहिल्या तीन-चार दिवसांत सकाळी लवकर भूक लागतच नाही, त्यामुळे ब्रंच हा प्रकार अंगाला आपोआप मानवतो.

चिठ्ठी

आता मुख्य अडचण. जपानमध्ये ‘व्हेजिटेरियन’ म्हणून भागत नाही. दिसायला नुसती भाजी असते, पण तिच्यात दाशी असते, म्हणजे बहुधा वाळवलेल्या कात्सुओ माशाच्या किसापासून काढलेलं पाणी. सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये तो असू शकतो, सूपमध्ये तर हमखास. जेलीत आणि पन्ना कोटा नावाच्या गोड पदार्थात जिलेटिन, म्हणजे प्राण्यांच्या हाडां-कातड्यापासून काढलेला चिकट पदार्थ. यातलं काही डोळ्यांना दिसत नाही.

माझी भाची पुण्यात जपानी शिकते. तिच्याकडून एक चिठ्ठी लिहून घेतली आणि लॅमिनेट केली. त्यात मांस, मासे, अंडं, दाशी, जिलेटिन चालत नाही असं स्वतंत्र ओळींमध्ये लिहिलं होतं. शेवटच्या ओळीत काय चालतं ते: दूध, लोणी, चीज, दही, मध. ही शेवटची ओळ फार कामाची. ती नसेल तर समोरचा माणूस आपल्याला दुधाचंही चालत नसेल असं धरून चालतो आणि मग त्याच्या मते स्वयंपाकघरात आपल्याला देण्यासारखं काही उरत नाही.

दुसरी युक्ती ॲलर्जीच्या तक्त्याची. आम्ही गेलो तेव्हा, २०२५ मध्ये, जपानमध्ये पॅकबंद पदार्थांवर आठ घटक छापणं कायद्याने बंधनकारक होतं: कोळंबी, खेकडा, अक्रोड, गहू, सोबा (म्हणजे कुट्टू), अंडं, दूध आणि शेंगदाणे. आणखी वीस घटक छापावेत अशी शिफारस होती, त्यात जिलेटिन होतं. हॉटेलांवर ही सक्ती नाही, पण अनेक कॅफेंमध्ये असा तक्ता असतो आणि मागितला तर आणून दाखवतात. अंड्याचा प्रश्न त्याने सुटतो. कात्सुओचा सुटत नाही, कारण तो मासा त्या अठ्ठावीसच्या यादीत नव्हताच. त्यामुळे तक्ता बघून झाल्यावरही ड्रेसिंग आणि सूपबद्दल तोंडाने विचारायचं. मी दोनच शब्द पाठ केले होते, ‘दाशी’ आणि ‘तामागो’, म्हणजे अंडं. पुढचं काम चिठ्ठीने केलं.

मंगळवार, २० मे

आम्ही आसाकुसाला राहिलो होतो. तिथून ओमोतेसांदोपर्यंत गिंझा लाइन सरळ जाते, गाडी बदलावी लागत नाही. आसाकुसा हे या मार्गाचं टोकाचं स्टेशन, त्यामुळे बसायला जागा मिळते. आईला ही गोष्ट बाकी सगळ्या नियोजनापेक्षा जास्त आवडली. (ठाण्याहून फास्ट लोकलने जन्मभर व्हीटी गाठलेल्या बाईला टोकाच्या स्टेशनाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.) याच मार्गाचा आसाकुसा ते उएनो हा तुकडा १९२७ च्या डिसेंबरात सुरू झाला. आशियातली पहिली भुयारी रेल्वे ती हीच. भाडं कार्डावर माणशी २५२ येन, वेळ साधारण पस्तीस मिनिटं.

ओमोतेसांदोला ए५ नावाच्या दारातून बाहेर पडायचं. लिफ्ट प्रत्येक दाराशी नसते. गुडघे दुखत असतील तर लिफ्ट कुठल्या दाराशी आहे ते स्टेशनच्या नकाशावर आधी बघा आणि वरून रस्त्याने चालत या.

कॅफेच्या तोंडाशी फुलांच्या बादल्या लावलेल्या. आई तिथेच थांबली. पिओनीचे गच्च गोळे, हायड्रेंजिया, आणि काही अशी की ज्यांचं नाव आम्हा दोघींनाही सांगता येईना. मी आत जाऊन दोन बोटं दाखवली. तिथे काम करणाऱ्या मुलीने नाव लिहून घेतलं आणि घड्याळावर बोट ठेवून अंदाजे वेळ दाखवली: पन्नास मिनिटं. मंगळवारी सकाळी!

सत्तरीच्या माणसाला पन्नास मिनिटं कुठे बसवायचं? टोकियोत रस्त्यावर बाकं जवळपास नसतातच. पण स्टेशनच्या जवळच ‘स्पायरल’ नावाची इमारत आहे, वास्तुविशारद फुमिहिको माकी यांनी आखलेली, १९८५ ची. तिच्या रुंद जिन्यालगत, रस्त्याकडच्या मोठ्या खिडकीपाशी खुर्च्या मांडलेल्या आहेत. कुणी बसून वाचतं, कुणी नुसतं खाली बघत बसतं, कुणी उठवत नाही. स्वच्छतागृहही आहे. आम्ही तिथे बसलो. आईने पर्समधून दोन खारका काढल्या. खाली रस्त्यावरून लोक भराभर चालले होते, हॉर्न एकही वाजत नव्हता. आई म्हणाली, “इथे सगळ्यांना उशीर झालेला दिसतो, पण कुणी ओरडत कसं नाही?”

वेळेच्या पाच मिनिटं आधी परतलो. हे पाळा. नाव पुकारल्यावर आपण नसलो तर नंबर पुढच्याकडे जाऊ शकतो.

आत पाऊल टाकल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो वास. फुलांपेक्षाही ओल्या मातीचा आणि कापलेल्या देठांचा. छतावरून वेली लोंबताहेत, भिंतीला हिरवळ, टेबलावर ताजी फुलं. आपलं सामान ठेवायला खुर्चीशेजारी वेताची टोपली आली. जपानमध्ये ही पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. पर्स खाली जमिनीवर ठेवू नका, टोपलीत ठेवा.

आईने बसायच्या आधी डोक्यावरची वेल निरखली. “अगं, हा आपला मनीप्लांट!” मग एक पान अलगद उलटं करून त्याची मागची बाजू बघितली. मग शेजारचं. मग कुंडीतल्या मातीला बोट लावलं. मी हळूच म्हटलं, “आई, हात नको लावूस.” ती म्हणाली, “एकालाही पिठ्या ढेकूण नाही. हे लोक रोज पुसत असणार पानं.” आमच्या गॅलरीतल्या जास्वंदीवर पिठ्या ढेकणाशी तिचं बारा महिने युद्ध चालू असतं. त्यामुळे हे प्रशस्तिपत्र साधं नव्हे.

मागवणं

मेन्यूत फोटो होते. फुलं लावलेला फ्रेंच टोस्ट ही तिथली प्रसिद्ध गोष्ट. तो मला हवा होता आणि आईला अर्थातच चालणार नव्हता, त्यात अंडं. चिठ्ठी दिली. मुलीने ती पूर्ण वाचली, पुन्हा वाचली, “शोशो ओमाची कुदासाई”, म्हणजे ‘जरा थांबा’, असं म्हणाली आणि चिठ्ठीच घेऊन आत गेली. त्या चार-पाच मिनिटांत माझ्या पोटात गोळा आला होता. आता ‘सॉरी’ म्हणून बाहेर काढलं, तर आईला वाटेल आपल्यामुळे सगळं बिघडलं. शाकाहारी माणसाबरोबर प्रवास करताना भुकेपेक्षा ही भीती मोठी असते, आणि ती त्या माणसालाही कळत असते. आई टेबलावरच्या फुलांकडे जरा जास्तच लक्ष देऊन बघत होती.

मुलगी परत आली. टेबलाशी गुडघ्यावर बसून तिने मेन्यूवर एकेका ओळीवर बोट ठेवलं. हे नाही, हे नाही, हे चालेल पण ड्रेसिंगशिवाय. दोन्ही हातांनी फुली करून दाखवली की नाही, आणि बोटांचा गोल केला की होय. एवढ्या खुणांत सगळं ठरलं. आईसाठी सॅलड, ड्रेसिंगऐवजी ऑलिव्ह तेल आणि मीठ, सोबत पाव. माझ्यासाठी फ्रेंच टोस्ट. दोघींना ताज्या पानांचा हर्बल चहा. लक्षात ठेवा, पदार्थ बदलून मागणं तिथे फारसं रुळलेलं नाही. ‘हे काढा, ते घाला’ म्हणण्यापेक्षा ‘यातलं काय चालेल’ असं विचारलं तर उत्तर लवकर मिळतं.

फ्रेंच टोस्टवर जांभळ्या आणि पिवळ्या पॅन्सीची फुलं पसरलेली होती. आई म्हणाली, “फुलं खायची?”

“हादग्याची भाजी खातोच की आपण.”

“हादग्याची खातो, शेवग्याची खातो, भोपळ्याच्या फुलांची भजी करतो. पण शिजवून! कच्ची कोण खातं?”

तिच्या सॅलडवरही दोन होती. एक तोंडात टाकली, चावली, विचार केला. “चव काहीच नाही. दिसायला बरी.” माझंही मत तेच. फुलांमागे कुणी धावायचं कारण नाही; टोस्ट मात्र आत लुसलुशीत आणि कडेला खरपूस होता. (टेबलावरच्या फुलदाणीतली फुलं खायची नसतात. आमच्या शेजारच्या टेबलावरच्या लहान मुलीला हे सांगावं लागलं.)

चहा काचेच्या किटलीत आला. आत पुदिना आणि लांब हिरवी पाती उभी. आईने झाकण काढून वास घेतला. “गवती चहा! याची जुडी आपल्याकडे दहा रुपयांना मिळते.” मग दूध कधी येणार अशा नजरेने तिने मुलीकडे पाहिलं. दूध आलं नाही. दोन कप मात्र तिने संपवले आणि तिसरा माझ्या किटलीतून घेतला.

आम्ही तासभर बसलो. गर्दी असेल तर अशा कॅफेंमध्ये बसायला वेळेची मर्यादा असू शकते, आत शिरतानाच विचारून घ्या.

बिल आणि एक फांदी

बिल टेबलावर ठेवतात, पैसे दाराजवळच्या काउंटरवर द्यायचे. नोटा हातात न देता समोरच्या छोट्या तबकात ठेवायच्या. टिप ठेवायची नाही. ठेवलीत तर विसरलात असं समजून मागे धावत आणून देतात. दोघींचे मिळून सव्वाचार हजार येनच्या आसपास झाले, म्हणजे त्या वेळच्या दराने अडीच हजार रुपये. मेन्यूवरच्या किमतीत कर धरलेला असतो, वर काही चढत नाही. आईने मनातल्या मनात गवती चहाच्या जुड्यांत हिशोब केला असणार, पण बोलली नाही.

बाहेर पडताना तिने भिंतीवरच्या एका फर्नकडे बोट दाखवलं, हरणाच्या शिंगांसारखी पानं असलेलं. “यांच्याकडे याचं रोप मागू का?” झाडवेड्या माणसांच्या घरोघरी हा प्रश्न येणार, म्हणून सांगते. परदेशातून रोप किंवा कलम आणायचं तर २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशानुसार आधी आयात परवाना लागतो, शिवाय तिथल्या सरकारचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र. साडीच्या घडीत लपवून आणलेली फांदी म्हणजे तिच्याबरोबर एखादी नवीन कीडही आणणं. आईला हे पटवायला ‘पिठ्या ढेकूण’ एवढाच शब्द पुरला.

त्याऐवजी दुकानातून एक छोटा गुच्छ घेतला. असे टेबलाजोगे लहान गुच्छ तिथे बरेच असतात आणि खिशाला जड नाहीत. हॉटेलात दात घासायच्या ग्लासात ठेवला, शुक्रवारच्या एकादशीपर्यंत टिकला.

त्या दिवशी पुढे मेइजी जिंगूला गेलो. १९२० च्या या देवळाभोवतीचं जंगल माणसांनी लावलेलं आहे, देशभरातून आलेल्या लाखभर झाडांचं. जाताना रस्त्याच्या दुतर्फा केयाकीची उंच झाडं आहेत, सावलीतून चालता येतं. आईला चालवेल का ही धास्ती होती. ती माझ्यापुढे होती.

त्या शिंगवाल्या फर्नचा फोटो तिने फोनमध्ये घेऊन ठेवला होता. परतल्यावर ठाण्याच्या नर्सरीवाल्याला दाखवला. त्याच्याकडे ते निघालं. बाराशे सांगितले. आई आठशेवरून नऊशेवर आली आहे, तो अकराशेच्या खाली येत नाही, आणि बोलणी अजून चालू आहेत.